वर्षाला चार बोटं

१

चित्राबाईंचा देवावरचा विश्वास बेताचा होता, पण हाती घेतलेलं उदाहरण पूर्ण सोडवावं यावरचा अढळ होता. चौतीस वर्षं त्यांनी डोंबिवलीतल्या एका शाळेत बीजगणित शिकवलं. अर्धवट सोडवलेलं उदाहरण आणि अर्धा टाकलेला चहा, दोन्ही त्यांच्या डोळ्यांत सारखेच खुपत. निवृत्त होताना त्यांनी जाहीर केलं होतं की आता फळ्याचं तोंड बघणार नाही. तिसऱ्याच महिन्यात दुपारचे चार वाजले की संध्याकाळ अंगावर यायला लागली आणि बाईंनी शिकवण्या धरल्या. जित्याची खोड, दुसरं काय!

मंगळवारी आणि शुक्रवारी चारला त्या कोपरला काळुरामशेठच्या बंगल्यावर जात. शेठची मुलगी करिश्मा दहावीला होती. शेठच्या आजोबांनी मिठागरात टोपल्या वाहिल्या होत्या, वडिलांनी खारजमिनीत भात लावला होता. त्याच जमिनीवर आता तीन इमारती उभ्या होत्या, आणि चौथ्या तुकड्यावर शेठचा हा चार वर्षांपूर्वीचा बंगला. माणसं मोकळी, चहाबरोबर खायला भरपूर. बाईंची तक्रार एकाच गोष्टीबद्दल होती, आणि ती त्यांनी फक्त घरी येऊन नवऱ्याला सांगितली होती.

"अहो, त्यांची दारं नऊ फूट उंच आहेत. बाथरूमचंसुद्धा."

प्रभाकरराव ठाण्याला माजिवड्याच्या एका कारखान्यात जन्मभर ड्राफ्ट्समन होते. मापाचा विषय निघाला की ते पेपर खाली ठेवत. "नऊ? घराचं दार साडेसहा, फार तर सात. नऊ कशाला?"

"हौस. दुसरं काय असणार?"

फक्त एका खोलीचं दार साधं होतं. शेठची आई, सगुणाआजी, ज्या खोलीत असे तिला जुन्या घरातली सागवानी चौकट आणून बसवली होती. एवढ्या उंचच उंच दारांत ते एकच माणसाच्या मापाचं. बाईंना ते बरं वाटायचं.

२

त्या शुक्रवारी अंकगणिती श्रेढी काढली होती. करिश्मा तिला ए.पी. म्हणायची. क्लासच्या नोट्समध्ये तसंच होतं.

"दोन, पाच, आठ, अकरा," बाई म्हणाल्या. "पुढचं पद?"

"चौदा. तीनने वाढतंय ना."

"तो तीन म्हणजे सामान्य फरक. कुठल्याही पदातून आधीचं पद वजा कर, दरवेळी तेच उत्तर आलं की ओळखायचं, ही श्रेढी. आणि एकदा ओळखली की संपलं. पुढची सगळी पदं ठरलेली. शंभरावं विचार, हजारावं विचार. ती कोणी लिहो न लिहो, असतातच."

"आणि मॅडम, फरक शून्य आला तर? पाच, पाच, पाच, पाच?"

"तीही श्रेढीच. वाढत नाही, पण चालू राहते."

"काय बोरिंग ना!" करिश्मा हसली. "आणि एकच नंबर दिला तर?"

"एकावरून काहीच ओळखता येत नाही. फरक काढायला दोन लागतात. दोन असले की पुढचं आपोआप."

बाईंचा गृहपाठ शाळेत प्रसिद्ध होता. प्रत्येक धड्याला घरातले आकडे शोधून आणायचे. जिन्याच्या पायऱ्या, फरश्या, गॅस सिलिंडरच्या तारखा, काय हवं ते. पुस्तकातल्या श्रेढीवर विश्वास बसत नाही, घरातल्या श्रेढीवर बसतो, असं त्या म्हणत. करिश्माला त्यांनी तेच सांगितलं. घरातून एक श्रेढी शोधून आण.

३

मंगळवारी करिश्माच्या वहीत एक ओळ होती. ११२, ११८, १२४, १३०, १३६, १४२, १४८, १५४. फरक सहा.

"कसले आकडे हे?"

"हाइट. सेंटिमीटरमध्ये. आजीच्या दारावर खुणा आहेत ना, त्या मोजल्या."

बाईंनी चश्म्यावरून पाहिलं. "करिश्मा, थापा मारायच्या तर नीट मारायच्या. कोणतंही पोर दरवर्षी बरोब्बर सहा सेंटिमीटर वाढत नाही. एक वर्षी आठ, एक वर्षी चार. जिवंत माणूस कधी श्रेढीत वाढतो का?"

"देवाशप्पथ मॅडम, टेप लावून मोजलंय. चला, दाखवते. आणि पुढे पण आहेत, मी कंटाळले म्हणून थांबले."

हातच्या काकणाला आरसा कशाला! बाई उठल्या. चौकटीच्या उजव्या बाजूला खालपासून रेघा होत्या. कोयत्याच्या टोकाने ओरखडलेल्या, बारीक, आडव्या. खालच्या तीन-चार जरा वेड्यावाकड्या अंतरावर. एकशे बारापासून मात्र शिडीसारख्या. बाईंनी स्वतः टेप धरली. एकशे साठ. एकशे सहासष्ट. मग त्यांना टाचा उंचावाव्या लागल्या, मग करिश्माने स्टूल आणलं. शेवटची रेघ एकशे शहाण्णववर होती. तिच्यावर दोन सेंटिमीटर लाकूड उरलं होतं, आणि मग चौकटीची आडवी पट्टी.

करिश्मा स्वतः दीड मीटरचीही नव्हती. त्या घरात काळुरामशेठ सगळ्यांत उंच, तेही पावणेसहा फूट.

"कोणाची उंची आहे ही?" बाईंनी विचारलं.

"ताईची," करिश्मा म्हणाली. "दर्शनाताई. मी एक वर्षाची होते तेव्हा ती गेली. सहा वर्षांची होती. कावीळ झालेली तिला."

४

"ये बाय, बस," आतून सगुणाआजी म्हणाली. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. दोन वर्षांपूर्वी मांडीचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरून उतरली नव्हती. "रेघा बघतंस? माझे हातानं मारल्यात. पोर गेली, पन वाढदीस तर येतंय ना दर वर्षाला. मग चार बोटां मोजायची नि रेघ मारायची."

तिने आपला वाळका हात पुढे केला आणि चार बोटं जुळवून दाखवली. बाईंनी टेप लावली. सहा सेंटिमीटर.

बाईंना एकदम हलकं वाटलं, आणि त्या मोठ्याने हसल्या. सुटलं की उदाहरण! माप नेहमी तेच, म्हणून फरक नेहमी तोच. गणितातली निम्मी कोडी अशीच असतात, कोणीतरी एकच फूटपट्टी वापरत असतं. म्हातारीच्या मायेचं त्यांना कौतुक वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. हेवा का वाटला, ते त्यांनी त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नाही.

"पण आजी, मुली पंधरा-सोळाला वाढायच्या थांबतात. तुम्ही थांबलाच नाहीत."

"थांबवायचा कसा?" म्हातारीने उलट विचारलं. "वाढतंय ती."

बाहेर पडताना बाई पुन्हा चौकटीपाशी थांबल्या. आजी दोन वर्षं अंथरुणावर, तर वरच्या दोन रेघा कोणाच्या? शेठ मारत असतील आईच्या समाधानासाठी. हे त्यांनी करिश्माला विचारलं.

"पप्पा? पप्पा त्या दाराला हात पण लावत नाहीत."

मग हीच मारत असेल, स्टुलावर चढून. बाईंनी तो विषय तिथेच मिटवला. पण एक गोष्ट मिटेना. चौकटीशेजारच्या भिंतीवर, शेवटच्या रेघेच्या जरा खाली, एक काळपट, तेलकट डाग होता. तेल लावलेलं डोकं रोज भिंतीला टेकलं की पडतो तसा. त्यांच्या स्वतःच्या घरी सोफ्यामागे प्रभाकररावांचा होता तसलाच. बाईंनी बोट लावून वास घेतला. खोबरेल. सहा फुटांच्या वर डोकं कोण टेकतं?

दाराबाहेर काळुरामशेठ सुताराशी बोलत होते. जुनी चौकट काढून तिथेही नऊ फुटांचं दार करायचं होतं.

"एवढी छान चौकट, का काढताय?" बाई म्हणाल्या.

"आई मागं लागलेय ना मॅडम," शेठ खाली बघत म्हणाले. "बोलते, यंदा पोरीचं डोकं लागंल वर."

५

चित्राबाईंची सदनिका तिथून दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. तिच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवरही रेघा होत्या.

सहा होत्या. अंतराच्या चौथ्या वाढदिवसापासून नवव्यापर्यंतच्या. प्रभाकररावांनी गुण्या धरून, टोकदार पेन्सिलीने काढलेल्या, शेजारी सुबक अक्षरात आकडे. १०१, १०७, ११२, ११७, १२३, १२८. नवव्या वाढदिवसानंतर दोन महिन्यांनी अंतरा तीन दिवसांच्या तापात गेली. त्याला एकोणीस वर्षं झाली होती. घराला तीनदा रंग लावून झाला, रंगारी प्रत्येक वेळी त्या पट्टीपाशी थांबवला गेला. दोघं तिच्याबद्दल बोलत नसत. कोणी अबोला धरला होता असं नाही, दोघांनाही जमत नसे, इतकंच.

त्या बुधवारी सकाळी चहाचं आधण ठेवून बाई चौकटीकडे बघत उभ्या राहिल्या. सहा, पाच, पाच, सहा, पाच. श्रेढी नव्हती. खरं पोर होतं ते. आणि वर सगळं लाकूड कोरं.

कोरी जागा त्यांना आयुष्यभर बघवली नव्हती. त्यांनी नवऱ्याची पेन्सिल घेतली, एकशे अठ्ठावीसवर सहा मोजले आणि एक रेघ मारली. १३४. दहा वर्षं. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट छातीत काहीतरी सैल झालं, आणि त्यांनी चहात साखर घातली.

सगळ्या रेघा एका दिवसात माराव्यात एवढं काळीज नव्हतं. म्हणून रोज सकाळी एक. गुरुवारी १४०, शुक्रवारी १४६, शनिवारी १५२. रविवारी १५८ आली आणि ती त्यांच्या स्वतःच्या डोक्याशी बरोबर जुळली. लेक आईएवढी झाली. सोमवारी १६४ मारून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पंधरा वर्षं पूर्ण. सगुणाआजीची चूक त्या करणार नव्हत्या. कुठे थांबायचं ते गणित शिकलेल्या माणसाला कळतं.

प्रभाकररावांनी त्या रेघा पाहिल्या. जेवताना, पुष्कळ वर्षांनी, त्यांनी पापड मागितला.

६

मंगळवारी सकाळी चौकटीवर १७० ची रेघ होती.

बाईंना पहिल्यांदा नवऱ्याचा राग आला. मग वाटलं, असू दे. त्यांचीही ती मुलगी होती. बुधवारी १७६ आली तेव्हा मात्र त्यांनी तोंड उघडलं.

"अहो, आता पुरे. मुलगी केवढी करताय?"

प्रभाकररावांनी पेपरमधून डोकं वर काढलं. "मला वाटलं तू काढतेस. मी म्हणणार होतो, पुरे आता म्हणून."

आपला माणूस खोटं बोलतोय की विसरतोय, हे लग्नाच्या चाळिसाव्या वर्षीसुद्धा चटकन कळत नाही. बाईंनी त्यांचा हात धरून रेघेजवळ नेला. त्या हाताला दोन वर्षांपासून कंप होता, बशीत चहा सांडायचा. रेघ मात्र सरळ होती. डोळ्यांत तेल घालून काढल्यासारखी सरळ.

गुरुवारी १८२ दिसल्यावर पेन्सिल बाईंनी कपाटात कुलूप लावून ठेवली. शुक्रवारी १८८ होती, शनिवारी १९४. झोपेत आपणच उठत असू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण एकशे चौऱ्याण्णववर अशी सरळ रेघ आपल्याला स्टुलाशिवाय मारता येत नाही, आणि स्टुलावर ठेवलेली तांदळाची परात जागची हललेली नव्हती. शेजारच्या भिंतीवर, बाईंच्या डोक्याच्या कितीतरी वर, तेलाचा डाग उमटला होता.

चौकटीची आडवी पट्टी एकशे अठ्ठ्याण्णववर होती. पुढचं पद दोनशे.

रविवारी सकाळी नवी रेघ नव्हती. असणार कुठे? लाकूडच संपलं होतं. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी केली. शिकवलेलं इतक्या लवकर विसरणाऱ्या मुलांना त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

७

त्याच दुपारी तीनच्या सुमाराला प्रभाकरराव आत झोपले होते. बाई बाहेरच्या खोलीत करिश्माची वही तपासत होत्या. खाली कोणाचा तरी प्रेशर कुकर वाजत होता. एक शिट्टी, दुसरी शिट्टी. तिसरीची वाट बघत त्यांनी सहज मान वर केली.

स्वयंपाकघराच्या दारात पाय होते.

आधी त्यांना वाटलं, पडद्याची सावली. पण त्या दाराला पडदा नव्हता. दोन बारीक पाय, आणि गुडघे जेवणाच्या टेबलाच्या उंचीला. त्यांच्यावर फ्रॉकची कड. पिवळा, चौकड्यांचा, नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचा फ्रॉक, नको तितका वर गेलेला. उजव्या पायाच्या अंगठ्याने डावी टाच हळूच खाजवली. अंतरा लाजली की असंच करायची. शाळेच्या बक्षीस समारंभात, पाहुण्यांसमोर, सगळीकडे, आणि बाई तिला रागवायच्या.

तोंड दिसलं नाही. मान पलीकडे, एका खांद्यावर मुडपली होती आणि वरची पट्टी डोक्यावर दाबल्यासारखी टेकली होती. लाल रिबिनीची एक वेणी समोर तिरकी लोंबत होती. लाकूड कुरकुरलं. ते लाकूडच असावं, असं बाईंना फार वाटलं.

तिसरी शिट्टी झाली. दार रिकामं होतं.

बाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी वहीवर लाल पेनाने बरोबरची खूण केली, मग त्यांच्या लक्षात आलं की उदाहरण चुकलं होतं, आणि मग मात्र त्या ढसाढसा रडल्या. भीती होती, नाही असं नाही. पण रडू भीतीचं नव्हतं. पोरीची मान दुखत होती, आणि उद्या आणखी दुखणार होती. दोनशे सहा. परवा दोनशे बारा. छत दोनशे सत्तरवर होतं. बारा दिवसही नव्हते.

८

मंगळवार यायला दोन दिवस होते. बाई तडक उठल्या आणि कोपरला गेल्या. काळुरामशेठ अंगणात होते. बाईंचा चेहरा बघून ते काही न विचारता बाजूला झाले.

आजीच्या खोलीची चौकट उतरवली होती. तिथे आता नऊ फुटांचं भगदाड होतं, विटा उघड्या. जुनी चौकट रेघांसकट भिंतीला टेकून ठेवली होती.

"माझी पण आहे एक," बाई म्हणाल्या. "अंतरा. नऊ वर्षांची होती. मी रेघा मारल्या, आजी."

"किती दिवसांनी मारतंस?" आजीने एवढंच विचारलं.

"रोज एक."

म्हातारीने बाईंचा हात हातात घेतला.

"येवढी घाई कशाला केलीस गो, बाय?"

"मला काय माहीत होतं, ती..." बाई खाटेच्या कडेला टेकल्या. "तिची मान मोडतेय हो. तुम्ही काय करता?"

"मी दारां उंच करताव."

"आणि दारं संपली की?"

आजी खिडकीबाहेर बघू लागली. "पुढचा पुढं. मी असताव तोवर तिला वाकाया नाय लागनार."

"रेघा पुसल्या तर?"

"पुसायच्या?" म्हातारीने हात काढून घेतला. तिच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली. "मग माझेकरं राहील काय?"

बाई उठल्या. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी लाकूड घासायचा पॉलिश पेपर घेतला, दोन कागद, एक खरखरीत आणि एक बारीक.

९

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या सहा रेघा घासून काढल्या आणि वरच्या पाचही. प्रभाकरराव स्टूल धरून उभे होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. फ्रॉकचा रंग सांगितल्यावर ते मध्येच म्हणाले होते, "चौकड्यांचा," आणि स्टूल आणायला उठले होते.

अंतराच्या खऱ्या सहा रेघा तेवढ्या राहिल्या. त्या मूळच्या होत्या, निरुपद्रवी होत्या. शिवाय त्या श्रेढीत नव्हत्या, याचा बाईंना मोठा आधार वाटत होता.

सोमवारी सकाळी चौकटीवर एक नवी रेघ होती. १३३.

बाईंनी टेप दोनदा लावली. फरक पाच. पाच कुठून आले? आणि मग त्यांनी खालच्या रेघा पुन्हा वाचल्या. शेवटच्या दोन खऱ्या रेघा, १२३ आणि १२८. दोन पदं असली की पुढचं आपोआप. हे त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं होतं, आणि सतरा दिवसांपूर्वी करिश्मालाही.

"कोणत्याही दोन रेघा ठेवल्या तरी ती वाढणार," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एकच ठेवायला हवी. किंवा एकही नको."

"एकही नको, असं नको," प्रभाकरराव पटकन म्हणाले.

"मग एक."

"त्या माझ्या हातच्या आहेत, चित्रा." त्यांचा हात आज नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. "आता माझ्याकडून तशी एकही निघणार नाही."

"माहीत आहे मला."

ते चौकटीजवळ गेले. खालची चार वर्षांची रेघ त्यांनी बोटाने चाचपली. ती मारताना अंतराने टाचा उचलल्या होत्या आणि त्यांनी डोक्यावर टपली मारून तिला खाली बसवलं होतं, हे त्यांनी सांगितलं. पाच वर्षांची मारताना तिला गोवर नुकताच होऊन गेला होता. सहाच्या वेळी केक पडला होता. एकोणीस वर्षांत ते दोघं अंतराबद्दल एवढं बोलले नव्हते. १२८च्या खालच्या पाचही रेघांचं सांगून झालं तेव्हा अकरा वाजले होते. मग त्या पाच आणि सकाळची १३३ घासायला त्यांनी पॉलिश पेपर स्वतः हातात घेतला. कंप असलेला हात घासायला मात्र उपयोगी पडतो.

"१२८ राहू दे ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "ती तेवढीच होती."

१०

मंगळवारी सकाळी चौकटीवर नवी रेघ नव्हती. बाईंनी खालून वर आणि वरून खाली पाहिलं, लाकडावर तळहात फिरवला. एकच रेघ, शेजारी सुबक १२८. वरचा तेलाचा डाग त्यांनी काल साबणाने धुतला होता, तोही पुन्हा उमटला नव्हता. त्यांनी आधण ठेवलं. काम फत्ते झालं की वाटतं तसं समाधान त्यांना वाटलं नाही, घर रिकामं वाटलं. सगुणाआजीने हात का काढून घेतला ते त्यांना आता नीट कळलं.

चारला त्या कोपरला गेल्या. करिश्माने बातमी दिली की आजी आता हॉलचा स्लॅब तोडून उंच करा म्हणून मागे लागली आहे, आणि पप्पांनी इंजिनिअरला बोलावलंय. बाईंनी ऐकून घेतलं आणि श्रेढीचा धडा पुरा केला. परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न येतो, असं सांगितलं.

घरी परतल्या तेव्हा प्रभाकरराव स्वयंपाकघराच्या दारापाशी जमिनीवर मांडी घालून बसले होते. सत्तराव्या वर्षी ते खाली बसत नसत, उठता येत नसे म्हणून.

"काय हो, पडलात की काय?"

त्यांनी चौकटीशेजारची भिंत दाखवली. रेघेच्या जरा खाली तेलाचा एक लहानसा डाग होता. ओला. बाई वाकल्या. खोबरेलाचा वास होता, आणि त्यात शाळेच्या दप्तराचा.

करिश्माची पाच, पाच, पाच, पाच, फरक शून्य. वाढत नाही, पण चालू राहते. किती पदं, असं विचारायची सोय त्या श्रेढीत नसते. दोघं गेल्यावर, हे घर विकलं गेल्यावर, नव्या मालकाने चौकट बदलल्यावरही उद्याचं पद आजच्याइतकंच असणार होतं. आज तिला कोणी रागवणार नाही, उद्या तिला कोणी ओळखणार नाही, हे सगळं बाईंना एका क्षणात दिसलं. आणि तरी त्या डाग पुसायला उठल्या नाहीत. त्या नवऱ्याशेजारी फरशीवर बसल्या.

"वाकत नाही ना आता?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"छे," प्रभाकरराव म्हणाले. "सरळ उभी असते."

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून खोबरेलाची रिकामी बाटली काढून पुढे केली. "तेल संपलं. उद्या बाहेर जाशील तेव्हा आण. लहानच आण, मोठी नको."